टॉर्चच्या उजेडात जुनी लेन्स



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या आवडीचं काहीतरी बोल." सॉफ्टवेअरवर बोलले असते तर मागचे बाक आठवीतल्यासारखेच झोपले असते. म्हणून माझ्या रविवारच्या छंदाबद्दल बोलते : जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स.

सुरुवात घरातच झाली. बाबांकडे झेनिट कॅमेरा होता. त्याची हेलिऑस ४४-२ ही ५८ मिलिमीटरची लेन्स सोव्हिएत रशियात बनलेली. सिंहगडच्या सहलीला तो मी हट्टाने आणला होता, काहींना आठवत असेल. बाबा गेल्यावर तो चामडी केससकट कपाटात ठेवला, अगदी जपून. बारा वर्षांनी काढला, तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! चामडं ओल धरून ठेवतं, बंद कपाटात हवा खेळत नाही, त्यात पुण्याचे बारा पावसाळे. मी जपून ठेवली म्हणूनच ती बिघडली. फार लागलं मनाला.

तेव्हापासून लेन्स तपासायला शिकले. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जाताना माझ्या पर्समध्ये छोटा टॉर्च असतो. लेन्स हातात घेतली की अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, एका बाजूने तिरका टॉर्च मारायचा, दुसऱ्या बाजूने पाहायचं. मग लेन्स उलटी करून पुन्हा तेच.

सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. जुन्या काचेत एखाददुसरा हवेचा बुडबुडाही असतो. दोन्हींनी फोटोचं काही बिघडत नाही. कडेकडून फांद्या फुटल्यासारखे धागे म्हणजे बुरशी. दुधाळ थर दिसला तर बऱ्याचदा आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसलेली असते. काच उघडता आली तर हा थर पुष्कळदा पुसला जातो. कडेला पाण्यावरच्या तेलासारखे इंद्रधनुषी पट्टे असतील तर दोन भिंगांमधला चिकटा सुटलाय. तो दुरुस्त करणं सहसा परवडत नाही, मी अशी लेन्स घेत नाही. ओरखडा पुढच्या काचेवर असला तर फारसा नडत नाही, मागच्या काचेवरचा जास्त नडतो.

पण खरी गोम पुढे आहे. टॉर्चच्या उजेडात चांगली लेन्ससुद्धा कचऱ्यासारखी दिसते. सुरुवातीला मी ठिपके पाहून दोन छान लेन्स परत ठेवल्या, अजून हळहळते. म्हणून टॉर्च बंद करून तीच लेन्स आकाशाकडे धरून पाहायची, आणि जमलं तर उजेडासमोर एक फोटो काढायचा. फोटो फिका, धुकट आला तर तो दोष खरा. ऑफिसात आम्ही बगची यादी करतो तेव्हाही हाच प्रश्न असतो : चूक दिसते हे ठीक, पण वापरणाऱ्याला ती नडते का?

बाबांची लेन्स एका जुन्या कारागिराने उघडून पुसून दिली. धागे गेले. पण बुरशीचं आम्ल काचेवरचा लेप खातं, तो डाग पुसून जात नाही. तो कडेला आहे आणि राहणार. उजेडासमोर धरली की चित्र फिकट होतं, सूर्य पाठीशी घेतला की झकास येतं.

आज सकाळी मैदानावर आपल्या सगळ्यांचा फोटो त्याच लेन्सने काढला. सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणजे तुमच्या डोळ्यांवर. फोटोत तुमचे डोळे मिचमिचे आले असतील तर लेन्सला बोल लावू नका.

एकच विनंती. तुमच्याही घरी कपाटात कुणाचा तरी कॅमेरा असेल. आज घरी गेलात की तो चामडी केसमधून बाहेर काढा, टॉर्च मारून पाहा. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. आणि मुख्य म्हणजे अधूनमधून त्याने फोटो काढा. मला हे बारा वर्षं उशिरा कळलं.