ऑइलचा लाल दिवा लागला? आधी इंजिन बंद करा
(ट्रॅक्टर व मोटारगाडीच्या इंजिनातील ऑइलचा दाब)



जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड-घनसावंगीकडे ऊस वाढला आणि उसाबरोबर ट्रॅक्टरही वाढले. गाळप हंगामात तीर्थपुरीच्या रस्त्याने ट्रॉल्यांची रीघ लागते. अशा वेळी भरल्या ट्रॉलीवर ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुष्कळ जण म्हणतात, "कारखाना जवळच आहे, एवढी खेप टाकून येऊ." मंडळी, हीच खेप सर्वांत महाग पडते. दिवा लागल्यावर काय करावं आणि दोष कोणत्या क्रमानं शोधावा, हे आज सांगतो. ट्रॅक्टर असो, जीप असो की मोटारगाडी, नियम एकच.

ऑइल इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये असतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर राहतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. दाब गेला की हा थर तुटतो. बेअरिंग तापतं आणि क्रँकला धरतं. त्याला काही मिनिटंसुद्धा पुरतात.

दाब कमी का होतो, हे ठिबकवरून समजून घ्या. विहिरीत पाणी कमी असलं, फुटव्हॉल्व्हची जाळी तुंबली, मोटारीनं हवा धरली किंवा नळ्यांना जागोजाग भोकं पडली, तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. इंजिनातही हेच घडतं. झिजलेली बेअरिंग म्हणजे नळीला पडलेली भोकंच समजा.

आता तपासणी. स्वस्त गोष्ट आधी, महाग गोष्ट शेवटी, हा क्रम सोडू नका.

पहिलं काम, ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटांनी पट्टी पुसून बघा. चढावर किंवा वळणावरच दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा ऑइल कमी आहे. ते भरा, पण गळती कुठं आहे, तेही शोधा.

दुसरं काम, ऑइलची प्रत. भर न घालता पातळी वाढली असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरत आहे. त्यानं ऑइल पातळ होतं आणि दाब पडतो. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर पाणी शिरलं आहे. दोन्ही वेळा नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मूळ दोष काढावा लागतो. ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचं घालावं. जुन्या फिल्टरवर नवं ऑइल घालू नये.

तिसरं काम, दिवा खरं सांगतो का, हे पाहणं. चावी फिरवली की दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल, तर बल्ब किंवा वायर गेली आहे आणि तुम्ही आंधळ्यासारखी गाडी चालवत आहात. दिवा सतत लागत असेल, तर ऑइल स्विच बिघडलेला असू शकतो. पण तसं गृहीत धरून गाडी हाकू नका. मेकॅनिककडून स्विचच्या जागी दाबाचं गेज लावून खरा दाब मोजून घ्या. ढोबळ हिशेब असा, की इंजिन तापल्यावर मिनिटाला दर 1000 फेऱ्यांमागे 10 पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.7 किलो दाब असावा. शेवटचा शब्द मात्र कंपनीच्या पुस्तकाचा.

दाब खरोखरच कमी निघाला, तर चेंबर उतरवून जाळी पाहा. तिथं गाळ साचतो, आणि चेंबर बसवताना जास्त लावलेल्या सिलिकॉनचे तुकडेही अडकतात. पंपाच्या ओढीच्या नळीचं पॅकिंग खराब असेल, तर पंप हवा ओढतो. नंतर दाबाचा व्हॉल्व्ह पाहा. तो कचऱ्यानं उघडा अडकला असेल किंवा त्याची स्प्रिंग मेली असेल, तर ऑइल आतल्या आत परत फिरतं. त्यानंतर पंपाची झीज तपासा.

एवढं सगळं ठीक असेल, इंजिन गरम झाल्यावर मंद रेसवर दाब पडत असेल आणि खालून ठकठक येत असेल, तर बेअरिंग झिजली आहेत. ती बदलावीत. क्रँकला ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून त्या मापाची बेअरिंग बसवावीत.

एक सावधगिरी. काही ठिकाणी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागं वॉशर घालून किंवा दाट ऑइल ओतून दिवा विझवून देतात. दिवा विझतो, पण झीज तशीच राहते. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडण्यासारखंच हे आहे.

दुरुस्तीनंतर डिझेल इंजिन लगेच सुरू करू नका. स्टॉपची दोरी ओढून धरा आणि स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त न फिरवता, मध्ये थांबून, दिवा विझेपर्यंत फिरवा. ज्या गाडीला दोरी नाही, तिथं मेकॅनिकला विचारा.

लक्षात ठेवा:
• दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. कारखाना दिसत असला तरी ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून न्या.
• रोज सकाळी सुरू करण्याआधी पट्टी पाहा.
• ऑइल आणि फिल्टर तासांच्या हिशेबानं बदला. बऱ्याच ट्रॅक्टरना 250 तास सांगितलेले असतात. धुळीत काम जास्त असेल तर त्याआधीच बदला.

उभ्या उसाला पाणी चुकलं तर तुम्ही दुसऱ्या पाळीत सांभाळता. इंजिनाला ऑइल चुकलं, तर दुसरी पाळी मिळत नाही.