मूल दिवसभर कोणाजवळ असते?

(वार्षिक सर्वसाधारण सभेत बालरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



विभागाच्या वर्षभरातील कार्याचे आकडे या अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच. त्यांची पुनरुक्ती न करता आम्ही आज एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. बालरुग्णाच्या केसपेपरवर नाव, वय, वजन, लसीकरण यांच्या नोंदी होतात. ‘हे मूल दिवसभर कोणाजवळ असते?’ हा प्रश्न मात्र छापील रकान्यांत नसतो. तरीही औषधाला आलेला गुण घरी गेल्यावर किती टिकेल, हे पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

एकाच आजाराची दोन बालके शेजारशेजारच्या खाटांवर असतात. एकाची आई पगारी रजेवर असते आणि घरी आजी-आजोबा असतात. दुसऱ्याची आई रोजंदारीवर जाते. रुग्णालयात बसलेला प्रत्येक दिवस म्हणजे तिची बुडालेली मजुरी, आणि घरी मागे राहिलेल्या धाकट्यांना पाहणारे कोणी नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या कागदावर अंगठा उठवते. तिला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे आहे. एका लेकराजवळ बसायचे की दुसऱ्याच्या तोंडात घास घालायचा, अशी निवड करण्याची वेळ कोणत्याही मातेवर येऊ नये.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कामगार स्त्रियांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेण्यात आल्या. मात्र ज्या स्त्रीला नेमणुकीचे पत्र नाही, हजेरीपट नाही, तिच्यापर्यंत ही रजा पोहोचत नाही. शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळू लागले. ही मदत निश्चितच मोलाची आहे. परंतु ही रक्कम त्याच २६ आठवड्यांवर विभागली, तर आठवड्याला २०० रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यावर कोणतीही मजूर स्त्री घरी बसून बाळाला अंगावर पाजू शकणार नाही.

आपल्या राज्यातील ऊसतोड कुटुंबांचे उदाहरण येथे बोलके ठरेल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत फडावरच्या कोपीत राहतात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. उचल दोघांच्या श्रमावर घेतलेली असल्यामुळे बाळंतीण झाली तरी तिचा हात थांबू शकत नाही. त्या बाळाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि बाळ मात्र शेकडो किलोमीटर दूर, उसाच्या पाचटावर टाकलेल्या गोधडीत असते. त्याला सांभाळते ती आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. म्हणजे एका पाळणाघराच्या अभावी तिघांचे नुकसान होते: बाळाचे वजन घटते, बहिणीची शाळा सुटते आणि आईच्या जिवाला घोर लागतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने गावोगावी अंगणवाडी पोहोचवली, हे देशाचे मोठे कार्य होय. परंतु अंगणवाडी काही तासांची आणि आईचे काम दिवसभराचे. मधल्या वेळेची ही पोकळी ओळखून केंद्र शासनाने २०२२ साली मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याचे धोरण स्वीकारले. ते वाड्यावस्त्यांपर्यंत आणि फडापर्यंत किती जोमाने पोहोचते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३५.२ टक्के होते. मधल्या काळात योजना वाढल्या, आकडा मात्र हलला नाही. खाऊ पोहोचवणे आणि तो भरवणारा हात उपलब्ध करून देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याची जाण आपल्याच मातीत पूर्वी होऊन गेली आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जेथे आहे तेथे सेवेने जावे, हा त्यांचा धडा आजच्या धोरणालाही लागू आहे.

घरातील पुरुषांविषयीही बोलले पाहिजे. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यास अपत्यजन्मानंतर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. बहुतेक वडिलांना तेवढीही नाही. तथापि बाळाला खांद्यावर घ्यायला, रात्री औषध पाजायला शासननिर्णयाची गरज नाही. कुटुंबाची पार्श्वभूमी म्हणजे ललाटलेख नव्हे. गरीब घरातही वडील वा काका यांनी वाटा उचलला, की मूल सावरते, हे आम्ही वॉर्डात नित्य पाहतो.

विश्वस्त मंडळापुढे आमची नम्र विनंती अशी आहे. तळमजल्यावर, बालरोग विभागालगत, एक खोली आणि दोन प्रशिक्षित सेविका उपलब्ध व्हाव्यात. दाखल बालकांची भावंडे आणि रुग्णालयातील परिचारिका, आया व सफाई कर्मचारी भगिनींची लहान मुले तेथे दिवसभर सुरक्षित राहतील, त्यांना गरम जेवण मिळेल. रोजंदारीवरील मातेला बुडालेल्या मजुरीपोटी अल्पशी मदत देणारा निधीही स्थापन व्हावा. कुपोषित बालकाला उपचारासाठी साधारणतः दोन आठवडे ठेवावे लागते. तेवढे दिवस आई निर्धास्त थांबू शकली, तर अर्धवट राहणारे कितीतरी उपचार पूर्ण होतील.

देणगीदारांनी आजवर यंत्रे दिली, खाटा दिल्या. त्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही. या खोलीवर बसवण्याजोगे मोठे यंत्र नसेल. तेथे सतरंजी, पाळणे आणि मायेने पाहणारी माणसे असतील. यापुढे आमच्या केसपेपरवर तो प्रश्न छापला जाईलच. त्याला उत्तर देण्याचे सामर्थ्य आपण या संस्थेला द्यावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.