सूक्ष्माची लेखणी आणि सूक्ष्माचा छापखाना



एका मिलिमीटरचे दहा लाख सारखे भाग कल्पावेत. त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी अशा सुमारे ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटरांची भरते. इतक्या सूक्ष्म प्रदेशात एखादी वस्तू हलवावयाची अथवा अक्षर उमटवावयाचे, तर हाती कोणते हत्यार घ्यावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपला नेहमीचा चिमटा येथे निरुपयोगी ठरतो. त्याची टोके कितीही बारीक केली तरी ती अवाढव्यच राहतात. शिवाय या प्रदेशात वजन नगण्य व चिकटपणा प्रबळ. त्यामुळे उचललेली वस्तू चिमट्यापासून सुटतच नाही. डोळ्यांचीही तीच गत. दृश्य प्रकाशाची लाटच मुळी ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीची; तिच्याहून पुष्कळ लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत नाही.

इ. स. १९५९ च्या २९ डिसेंबर रोजी अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेत रिचर्ड फाइनमन यांनी एका व्याख्यानात विचारले की, ब्रिटानिका विश्वकोशाचे चोवीस खंड टाचणीच्या माथ्यावर का लिहिता येऊ नयेत? पुस्तकाचे एक पान २५,००० पटींनी लहान करून दाखविणारास त्यांनी एक हजार डॉलरांचे बक्षीस लावले. ते मिळावयास १९८५ साल उजाडले. टॉम न्यूमन या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीचे पहिले पान तेवढ्या आकारात कोरले.

तोवर दुसरे एक साधन निघाले होते. १९८१ साली झुरिकजवळील आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेत बिनिंग व रोहरर या शास्त्रज्ञांनी असा सूक्ष्मदर्शक बनविला की, जो पाहत नाही, चाचपतो. आंधळा मनुष्य काठीने वाट ओळखतो, त्याप्रमाणे एक अतिशय तीक्ष्ण सुई पृष्ठभागाच्या जवळ, त्यास न टेकता, फिरविली जाते. मधल्या पोकळीतून विजेचा क्षीण प्रवाह वाहतो. अंतर एका नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्श्याने वाढले, तर तो प्रवाह सुमारे दहा पटींनी घटतो. या चढउतारावरून पृष्ठभागावरील अणूंचा नकाशा तयार होतो. या कार्यासाठी उभयतांना १९८६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

काठीने वाट चाचपता येते, तसा वाटेतला खडाही सरकविता येतो. १९८९ साली डॉन आयग्लर यांनी अशाच सुईने झेनॉन वायूचे ३५ अणू निकेल धातूवर एकेक करून सरकविले आणि आपल्या कंपनीच्या नावाची तीन अक्षरे मांडली. अणूंनी जागा सोडू नये म्हणून सारी सामग्री शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियस इतकी थंड ठेवावी लागली.

पुढे १९९९ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन व त्यांचे सहकारी यांनी अशाच प्रकारच्या सुईचा चक्क बोरू केला. तिचे टोक एका रासायनिक द्रव्यात बुडवून सोन्याच्या पत्र्यावर टेकविले की, हवेतील दमटपणामुळे मध्ये पाण्याचा इवलासा थेंब धरतो आणि त्यातून ‘शाई’चे रेणू खाली उतरतात. टोक अधिक वेळ टेकले तर ठिपका पसरतो. हवेचा दमटपणाही सांभाळावा लागतो. पावसाळ्यात वहीच्या कागदावर शाई फुटलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

येथवर आपण लेखनिकाच्याच घरात आहोत. लेखनिकाचे अक्षर कितीही सुंदर असले तरी त्याचा हात एक आणि प्रती हव्यात हजारो. मिर्किन यांच्या प्रयोगशाळेने पुढे ५५,००० टोके एकाच चौकटीत बसविली. तथापि तीही लेखनिकांची पलटणच. छापखाना उभारावयाचा तर ठसा हवा. १९९५ साली स्टीफन चाऊ यांनी तो मार्ग दाखविला. प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचा पातळ थर तापवून मऊ करावा, त्यावर कठीण साचा दाबावा, थर थंड होताच साचा उचलावा. २५ नॅनोमीटर रुंदीची छिद्रे अशा रीतीने एका दाबात उमटली. मात्र साचा व थर यांच्यामध्ये धुळीचा एखादा कण सापडला की, भोवतालचा मोठा भाग बिघडतो. ही पद्धत संगणकाच्या चकत्यांसाठी वापरता यावी म्हणून कॅनन या जपानी कंपनीने २०२३ साली यंत्र बाजारात आणले.

परंतु तो साचा कोण कोरतो? तीच संथ इलेक्ट्रॉन-शलाका! छापखाना आला म्हणून लेखनिक निरुपयोगी झाला नाही. त्याने एकदा जपून लिहिलेल्याच्याच प्रती छापखाना काढतो, आणि त्याची एक चूक प्रत्येक प्रतीत उतरते.

आपल्या गोव्यास हा धडा जुना आहे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली येथेच आला. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले; पण नागरी खिळ्यांच्या अभावी मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपणांपर्यंत पोचला तो हाताने उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. जसे हत्यार असेल तसेच अक्षर उमटते, आणि यंत्राच्या वेगामागे कोणा एकाचा सावकाश, काळजीपूर्वक चालणारा हात असावाच लागतो. नॅनोमीटरच्या प्रदेशातही हा नियम बदललेला नाही.