एक मुलगी, तीन राशी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीसाठी शहाद्याकडचे एक स्थळ आले होते. मुलगा चांगला, घर माहितीतले. बायोडाटा तिनेच संगणकावर तयार केला आणि 'रास' या शब्दापुढे 'तूळ' लिहिले. मुलाची रास सिंह. सिंहेपासून तूळ तिसरी, म्हणजे जमण्यासारखे. म्हणून मुलाकडच्यांनी बोलणे पुढे नेले. मग पत्रिका मागवली, तर तिच्यात रास मकर! सिंह आणि मकर म्हणजे षडाष्टक, तेही जुनी मंडळी ज्याला मृत्युषडाष्टक म्हणतात ते. "तुम्ही रास लपवलीत," असा निरोप मध्यस्थाकडून आला. भाची रडवेली होऊन म्हणाली, "मामा, मी काही लपवलं नाही. माझा जन्म पाच ऑक्टोबरचा. इंग्रजी मासिकात पाच ऑक्टोबरला तूळच दिलेली असते."

तिचे खरे होते, आणि त्यांचेही. मुलीचा जन्म त्या वर्षी दसऱ्याच्या आसपासचा. त्या दिवशी चंद्र मकर राशीत होता, म्हणून आपल्या पद्धतीने तिची रास मकर. पाश्चात्त्य पद्धतीत नुसते 'रास' म्हटले की आज लोक सूर्याची रास धरतात, ती तूळ. यावर कडी म्हणजे, आपल्याच पंचांगात पाहिले तर ५ ऑक्टोबरला सूर्य तुळेत नसतोच, तो कन्येत असतो. मुलगी एकच आणि राशी तीन.

चंद्र आणि सूर्य यांचा फरक चटकन समजतो. पण सूर्य एकच असताना तो एकाच दिवशी कन्येत आणि तुळेतही कसा? सूर्य वर्षभरात तारकांमधून ज्या वाटेने फिरताना दिसतो, तिचे तीस-तीस अंशांचे बारा भाग म्हणजे राशी. हे दोघांनाही मान्य. वाद आहे तो पहिला दगड कुठे रोवायचा याचा. पाश्चात्त्य ज्योतिषी तो वसंतसंपातावर रोवतात. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात, त्या क्षणी सूर्य असेल तिथे त्यांची मेष सुरू होते. ही सायन पद्धत. आपण ताऱ्यांच्या आधाराने मोजतो, ती निरयन. संपातबिंदू ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, म्हणजे बहात्तर वर्षांत जेमतेम एक अंश. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दगड एकाच जागी होते. आज त्यांच्यात २४ अंशांहून थोडे अधिक अंतर आहे. यालाच अयनांश म्हणतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी तो २३ अंश १५ कला धरला होता.

हे पुस्तकी वाटत असेल तर तिळगूळ आठवा. सूर्य सायन मकरेत जातो तो २१-२२ डिसेंबरला, खरे उत्तरायण तेव्हाच लागते. आपण संक्रांत करतो १४-१५ जानेवारीला. किंवा सिंहस्थ घ्या. गुरू सिंहेत आला की नाशिकला कुंभमेळा, आणि आपल्या प्रकाशाला तापीकाठी गौतमेश्वराचीही यात्रा. नाशिकचे ध्वजारोहण १४ जुलै २०१५ रोजी झाले. पाश्चात्त्य गणिताने मात्र गुरू आदल्या वर्षीच, जुलै २०१४ मध्ये सिंहेत शिरला होता आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो कन्येत गेलाही. त्यांच्या हिशेबाने चाललो असतो तर बहुतेक साधू कन्येच्या गुरूत न्हाले असते! महाराष्ट्रातही सायनाच्या बाजूने भांडणारी मोठी माणसे होऊन गेली. १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा अजोड ग्रंथ देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्यांतलेच. पण लोकांनी आपली संक्रांत हलवू दिली नाही.

आता त्या मासिकातल्या भविष्याविषयी. जन्मतारखेवरून सूर्यरास काढून साऱ्या जगाचे बारा गट करायचे, ही पाश्चात्त्यांची प्राचीन परंपरा आहे असे आपण समजतो. तसे नाही. हा वर्तमानपत्री प्रकार १९३० मध्ये लंडनच्या 'संडे एक्सप्रेस'मधून, राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त आर. एच. नेलर यांनी लिहिलेल्या भविष्यानंतर, रुळला. त्याआधीचा जुना युरोपीय ज्योतिषी आपल्या गुरुजींसारखाच आधी लग्न विचारी. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. त्याच्याकडेही ग्रह सातच, सूर्यापासून शनीपर्यंत. युरेनस १७८१ चा, नेपच्यून १८४६ चा. त्यांची तेव्हा गाठच पडली नव्हती. त्याच्याकडेही स्वगृह, उच्च, नीच होतेच. सूर्य मेषेत उच्चीचा, शनी तुळेत. फक्त सूर्याचा परमोच्च अंश आपण दहावा धरतो, ते एकोणिसावा. सातवे घर जोडीदाराचे, दहावे कर्माचे, चौथे घरादाराचे, हेही जुळते.

इतके जुळते, याचे कारण ही दोन सख्खी नसली तरी चुलत भावंडे नक्कीच आहेत. केंद्रस्थान हा शब्द आपण किती सहज वापरतो! पहिले, चौथे, सातवे आणि दहावे ही केंद्रे. 'केंद्र' शब्द ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून आला, मूळ अर्थ टोचणी किंवा अणकुचीदार टोक. केंद्रांच्या पुढच्या घरांना पणफर आणि त्यांच्या पुढच्यांना आपोक्लिम म्हणतात. संस्कृतात यांची व्युत्पत्ती शोधून दमाल, कारण 'एपानाफोरा' आणि 'आपोक्लिमा' हे सरळ ग्रीक शब्द आहेत. द्रेष्काणही तिकडचाच. होरा तर ग्रीकांचा तास, इंग्रजीतला 'अवर' त्याचाच वंशज. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने मात्र 'अहोरात्र'मधली पहिली आणि शेवटची अक्षरे गाळून 'होरा' झाल्याचे दिले आहे. ग्रीकांशी व्यवहार ज्या बंदरांतून चाले, त्यांत भडोच मोठे होते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे त्याच भडोचजवळ समुद्राला मिळते. पुढे अरबी शब्दही आले. वर्षफळात गुरुजी 'इत्थशाल' आणि 'ईसराफ' म्हणतात, म्हणजे दोन ग्रहांचा योग जुळत येणे आणि तो सुटत जाणे. हे ताजिक ज्योतिषातले अरबी वळणाचे शब्द.

दृष्टीच्या बाबतीत मात्र वाटा वेगळ्या झाल्या. पाश्चात्त्य पद्धतीत दोन ग्रहांमधला कोन मोजतात: ६० अंश म्हणजे लाभयोग, ९० केंद्रयोग, १२० नवपंचम, १८० प्रतियोग. रविवारच्या भविष्यात तुम्ही हे शब्द वाचता. आपल्या पद्धतीत ग्रह घरे मोजून पाहतो. सातव्या घरावर सगळ्यांची दृष्टी. शिवाय मंगळाची चौथ्या-आठव्यावर, गुरूची पाचव्या-नवव्यावर, शनीची तिसऱ्या-दहाव्यावर. म्हणून एकाच पत्रिकेवर एक जण 'शनीची दृष्टी आहे' म्हणतो आणि दुसरा 'काही योग नाही' म्हणतो. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर असू शकतात.

पण दोन्ही पद्धतींना जन्माची वेळ आणि ठिकाण लागते. लग्न साधारण दोन तासांत बदलते, चार मिनिटांत एक अंश सरकते. नंदुरबारची खरी स्थानिक वेळ घड्याळातल्या भारतीय वेळेपेक्षा सुमारे ३३ मिनिटे मागे आहे, म्हणून जन्मगाव विचारतात. आता धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर घरीच जन्मलेल्या जुन्या माणसांनी वेळ कुठून आणायची? वेळ राहू द्या, तारीख तरी? शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकली, असे लोक तुमच्या-माझ्या घरातही आहेत. मासिकातल्या भविष्याप्रमाणे ते सगळे मिथुन राशीचे. शाळेच्या दाखल्याने रास ठरलेली अशी एक आख्खी पिढी आपल्याकडे आहे.

हे सगळे खरे ठरते का, असे तुम्ही विचारणारच. २००८ च्या सुमारास पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन प्रकारच्या मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या. प्रत्येकाला चाळीस. कोणती कोणाची, एवढेच सांगायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. माझे मत त्यानंतर फारसे बदललेले नाही. पण माझ्या मतावर गावातल्या सोयरिकी ठरत नाहीत, त्या पत्रिकेवर ठरतात. म्हणून शब्द तरी नीट लिहावा, एवढे मी भाचीला सांगितले.

बायोडाटा आम्ही पुन्हा छापला. 'रास' खोडून 'जन्मरास (चंद्र): मकर' असे लिहिले आणि मध्यस्थाला घेऊन त्या घरी गेलो. मुलाच्या वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला. म्हणाले, "तुम्ही लपवलं नाही हे पटलं, पण षडाष्टक तर राहिलंच ना?" महिनाभरात त्या मुलाची सोयरीक दुसरीकडे ठरली.