मनातला प्रश्न आणि मनाची दिशा

(शिक्षक-मेळाव्यातील व्याख्यान)



शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि मुलांनी उत्तर द्यावे, हा शाळेचा नित्यक्रम होय. हे प्रश्न साऱ्या वर्गाला ऐकू येतात. परंतु त्याच वेळी प्रत्येक मुलाच्या मनात, आणि शिक्षकाच्याही मनात, आणखी एक प्रश्न चालू असतो. तो कोणासही ऐकू येत नाही. विचार कोणत्या वाटेने जाणार हे मात्र पुष्कळदा तोच ठरवतो.

सोव्हिएत रशियातील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्यांच्या हालचाली नोंदवण्याचे प्रयोग केले. १९६५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका प्रयोगात इल्या रेपिन या चित्रकाराचे चित्र घेतले होते. फार दिवसांनी अकस्मात घरी परतलेला माणूस आणि त्याच्याकडे पाहणारी घरची मंडळी, असा त्या चित्राचा विषय. एकाच व्यक्तीला ते अनेक वेळा दाखवण्यात आले. दर खेपेस प्रश्न मात्र निराळा. ‘या माणसांची वये काय असावीत?’ असे विचारताच तिची नजर चेहऱ्यांवर खिळली. ‘या घरची सांपत्तिक स्थिती कशी असावी?’ असे विचारताच तीच नजर कपड्यांकडे व सामानसुमानाकडे वळली. चित्र तेच, डोळेही तेच. पालटला तो केवळ प्रश्न.

नजरेचे जे, तेच बुद्धीचे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९७९ च्या सुमारास गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी ७ ते ९ वर्षे वयाच्या ९७ मुलांना एक उदाहरण घातले : ‘एका जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून कप्तानाचे वय काढले! एवढी सारी मुले मंदबुद्धी होती असे कोण म्हणेल? ‘काय विचारले आहे?’ हा प्रश्न त्यांच्या मनात उठला नसावा. ‘या आकड्यांचे काय करावयाचे?’ एवढाच उठला असावा. त्या प्रश्नाला मुलांनी इमानाने उत्तर दिले.

हे दूरदेशीचे नवल म्हणून सोडून देण्यासारखे नाही. शाब्दिक उदाहरण घालताच ‘गुरुजी, बेरीज की वजाबाकी?’ ही पृच्छा कोणत्या शाळेत ऐकू येत नाही? ‘एकूण’ आले की बेरीज आणि ‘उरले’ आले की वजाबाकी, अशी खूण सांगून काम तेवढ्यापुरते भागते. मग एखादे दिवशी उदाहरण येते : ‘गंगूने ५ बोरे खाल्ली, तिच्याजवळ ८ उरली, तर आरंभी किती होती?’ खुणेवर विसंबलेले मूल ‘उरली’ हा शब्द पाहून ३ असे उत्तर लिहिते. उत्तर आहे १३. गंगूची बोरे त्याच्या डोळ्यांपुढे आलेलीच नसतात.

यावरील उपाय गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात सांगितला आहे. काय काढावयाचे आहे? काय दिलेले आहे? या दोहोंचा संबंध काय? असे साधे प्रश्न शिक्षकाने पुनःपुन्हा विचारावेत. हेतू हा की, कालांतराने ते मुलाने स्वतःच स्वतःला विचारावेत. मात्र पाढ्यांसारखे म्हणवून घेतल्यास त्यांत प्राण उरत नाही. प्रश्न विचारून शिक्षकाने क्षणभर थांबावे, मुलास आपल्या शब्दांत सांगू द्यावे, जमल्यास चित्र काढू द्यावे. तेवढा अवकाश मिळाला म्हणजेच बाहेरचा प्रश्न आत रुजतो.

आता शिक्षकाच्या मनातील प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. एका मुलाने ४०२ मधून १७८ वजा करून ३७६ असे उत्तर लिहिले. ‘बरोबर की चूक?’ एवढाच प्रश्न मनात असेल, तर लाल फुली मारून वही मिटली जाते. ‘याने केले तरी काय?’ असा प्रश्न असेल, तर त्याच वहीत निराळेच दिसते. मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : ८ मधून २, ७ मधून ० आणि ४ मधून १. त्याची वजाबाकी पक्की आहे. हातचा घेण्याचे मर्म तेवढे कळलेले नाही. खडे आणि दशकांच्या काड्या घेऊन बसल्यास ही अडचण दूर होण्याजोगी आहे. परंतु ती कोणी पाहिलीच नाही, तर तेच मूल उद्या ‘ढ’ ठरते, परवा मागच्या ओळीत जाऊन बसते आणि पुढे शाळेकडे पाठ फिरवते.

‘हा मागे का?’ या प्रश्नाला घर, गरिबी, नशीब अशी नाना उत्तरे मिळतात. त्यांपैकी बहुतेक शिक्षकाच्या हाताबाहेरची असतात. ‘हा नेमका कोठे अडला?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा त्याच्या पाटीवरच सापडते, आणि तेथून पुढचे काम शिक्षकाच्या हातचे असते. रोज एका तरी मुलाची वही या प्रश्नासह उघडावी. चाळीस मुलांच्या वर्गात दोन महिन्यांच्या आत प्रत्येकाची पाळी येते. त्यासाठी नवे साहित्य नको, जादा अनुदानही नको.