नावातलं ‘नवीन’



शाळेत मी एकदाही भाषण केलं नाही. पंधरा ऑगस्टला माझं नाव पुकारलं जायचं तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागे लपलेली असायचे. बाई, आज कबूल करते.

नोकरीमुळे मी तळेगाव दाभाड्याला राहते. आपल्या केमच्या स्टेशनातून जो रूळ पुण्याला जातो, तोच पुढे तळेगावला जातो. तिथं ‘नवीन समर्थ विद्यालय’ नावाची शाळा आहे. शाळा चांगली जुनी, मग नावात ‘नवीन’ कशाला? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवी आवृत्ती दिसली की जुनीचं काय झालं, हे शोधायची खोड असते.

जुनी सरकारनं बंद केली होती. विष्णु गोविंद विजापूरकर हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. स्वदेशीच्या चळवळीत राष्ट्रीय शिक्षणाची हाक उठली, तेव्हा 1906 साली त्यांनी समर्थ विद्यालय काढलं. कोल्हापूरकडे सुरू झालेली ही शाळा पुढे तळेगावला आली. पुस्तकाबरोबर हाताला काम हवं, असा विजापूरकरांचा आग्रह. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेला पैसा फंडाचा काच कारखानाही तळेगावातच निघाला, 1908 मध्ये. त्याच वर्षी ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखावरून विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख पंडित सातवळेकरांचा, विषय वैदिक प्रार्थना! विजापूरकर तुरुंगात गेले आणि 1910 मध्ये शाळेला टाळं लागलं.

1918 साली त्यांनी ती पुन्हा उभी केली. ते ‘नवीन’ तेव्हाचं.

गोष्ट इथं संपवता आली असती, टाळ्याही मिळाल्या असत्या. पण मी हिशेब केला. 1910 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा 1918 मध्ये अठरा वर्षांचा झाला होता. शाळा परत आली, त्याची आठ वर्षं आली नाहीत.

आज शाळा बंद पडायला राजद्रोह लागत नाही. पट घसरतो, तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतात. आपल्या शाळेवर ती वेळ आलेली नाही, पण गावातून बाहेर पडलेल्या आपण सगळ्यांनी मुलं कुठं घातली? माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. निर्णय माझाच होता आणि त्याचा मला पश्चात्ताप आहे असंही नाही. पण मग ‘आपली शाळा टिकली पाहिजे’ असं मी नुसतं तोंडानं म्हणायचं, हे काही मला जमत नाही.

आपल्यातल्या कितीजणांच्या वह्यांना कुंकवाच्या कारखान्यातल्या हातांचे लाल ठसे असायचे! बाप कामावरून आला की तशाच हातानं वही उघडून बघायचा. त्या वह्यांवर मी इंजिनीअर झाले. आजही तशी पोरं आहेत आणि त्यांना दुसरी शाळा परवडणार नाही.

मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीला ऑनलाइन गणित शिकवायची माझी तयारी आहे. प्रोजेक्टर मी देते, इंटरनेटचं गावातल्या कुणीतरी बघा. विज्ञानाला माणूस हवाय आणि इंग्रजीलाही. जेवणं झाली की मी त्याच टाकीपाशी वही घेऊन उभी राहते. ज्यांना जमेल त्यांनी नाव आणि वार लिहून जा.