मीटरवरचा पिवळा दिवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल.’ मी सॉफ्टवेअरबद्दल दहा मिनिटं बोलले तर जेवणाआधीच अर्धा हॉल झोपेल. म्हणून मी गाडीबद्दल बोलणार आहे. सकाळी पार्किंगमध्ये आपल्यापैकी दोघांनी मला सांगितलं, ‘माझ्याही मीटरवर तो एबीएसचा पिवळा दिवा लागलेला असतो. काही होत नाही.’ मला या ‘काही होत नाही’ बद्दलच बोलायचं आहे.

आपलं गाव तसं गाड्यांचंच. वाळूजला बजाज आली आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या वडिलांच्या शिफ्टवर घराचं घड्याळ चालू लागलं. दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स इथलीच. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा जोडल्या जाऊ लागल्या. माझे बाबाही वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. सुटा भाग मापात नसेल तर लाल खूण करून बाजूला ठेवायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलं. अशा माणसाने स्वतःच्या गाडीच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. ती गोष्ट सांगते.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. जोरात ब्रेक दाबला आणि रस्ता ओला असला, की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी घसरत पुढे जात राहते. जाम झालेलं पुढचं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. तुम्ही कितीही वळवा, गाडी सरळच जाते. एबीएस हे होऊ देत नाही. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय कडी असते. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, की संगणक त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करून परत दाबतो, सेकंदात अनेक वेळा. तेव्हा पायाखाली पेडल थरथरतं. घाबरून पाय उचलू नका, तसाच दाबून ठेवा. हे तंत्र १९७८ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या गाड्यांसाठी बाजारात आणलं. आपल्याकडे २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ते सक्तीचं झालं.

ट्रॅक्शन कंट्रोल हा त्याचा धाकटा भाऊ. त्याचं काम उलट दिशेचं. ॲक्सिलरेटर दिल्यावर चिखलात चाक नुसतंच गरगरू लागलं, की तो इंजिनचा जोर कमी करतो किंवा त्या चाकाला हलका ब्रेक लावतो. दोघे भाऊ त्याच चार सेन्सरवर जगतात. म्हणून एक सेन्सर गप्प झाला की दोन्ही दिवे बरोबर लागतात. लोकांना वाटतं, दोन मोठे बिघाड झाले. बहुतेक वेळा बिघाड एकच असतो.

आता बाबांची गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग आवाज करायला लागलं, म्हणून बदललं. दोन-चार दिवसांत हे दोन्ही दिवे लागलेले त्यांच्या लक्षात आले. एका गॅरेजने स्कॅनर लावला. कोड आला पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा. त्यांनी सेन्सर बदलला. दिवे परत आले. मग त्यांनी सांगितलं, ‘एबीएसचं पूर्ण युनिटच गेलंय, अडतीस हजार लागतील.’ बाबा म्हणाले, ‘ब्रेक तर लागतोय.’ घरी आले आणि दिव्यांवर पट्टी चिकटवली.

दिवाळीत मी पुण्याहून आले तेव्हा ती पट्टी पाहिली. हसले. ‘बाबा, तुम्ही पण ना!’ म्हणाले आणि फराळाला बसले. माझं रोजचं काम काय, तर कंपनीच्या सर्व्हरने धोक्याची सूचना दिली की ती का आली ते शोधायचं. रात्री दोन वाजता उठून मी ते करते. वडिलांच्या गाडीतली सूचना मात्र मी हसण्यावारी नेली.

पुढच्या जुलैत, बीड बायपासवर, पहिल्या जोरदार पावसात एक मुलगा सायकल घेऊन आडवा आला. बाबांनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. चाकं जाम झाली. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं, गाडी सरळच गेली. सायकलपासून हातभर अंतरावर थांबली. मुलगा निघूनही गेला, त्याला बहुधा कळलंसुद्धा नाही. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने मला फोन केला.

शनिवारी मी एका मित्राचा स्कॅनर मागून घेऊन आले. बाई, तुम्ही आम्हाला प्रयोगवही लिहायला शिकवलीत: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आम्ही अनुमान आधी लिहायचो आणि निरीक्षणं त्याला जुळवून घ्यायचो. तुम्ही ते लगेच ओळखायचात आणि पान फाडायला लावायचात. गॅरेजने तेच केलं होतं. आणि ‘ब्रेक तर लागतोय’ म्हणणाऱ्या आम्ही सगळ्यांनीही.

मी सुरुवात प्रश्नापासून केली. दिवा पहिल्यांदा केव्हा लागला? त्याच्या आधी गाडीत काय बदललं होतं? सॉफ्टवेअरमध्ये आमचा पहिला प्रश्न हाच असतो. बाबा म्हणाले, ‘बेअरिंग.’

मग पट्टी काढली. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागले आणि काही सेकंदांत विझले, म्हणजे यंत्राने स्वतःची तपासणी केली आणि त्याला तारेत दोष दिसला नाही. गाडी थोडी पुढे गेली की मात्र पिवळे दोन्ही दिवे परत लागले. तार तुटली असती तर ते बहुधा विझलेच नसते. बॅटरीचा दाब पाहिला, ठीक. ब्रेक ऑइलची पातळी ठीक. चारही टायर एकाच मापाचे, हवा सारखी. ही बिनखर्चाची तपासणी आधी करायची, कारण कमजोर बॅटरी किंवा वेगळ्या मापाचा एकच टायरसुद्धा हा दिवा लावू शकतो.

मग स्कॅनर. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएसचे वाचणारा लागतो. कोड तोच आला. पण मित्रांनो, कोड पत्ता सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. त्या पत्त्यावर सेन्सर राहतो, त्याची तार राहते, जोड राहतो आणि कडीही राहते. म्हणून मी शेजारी बसून चारही चाकांचे वेग पडद्यावर लावले आणि बाबांना मोकळ्या रस्त्यावर सावकाश, सरळ गाडी चालवायला सांगितली. तीन चाकं वीस किलोमीटरचा वेग दाखवत होती. चौथं शून्य.

सेन्सर नवा. जोडात चिखल नाही, सेन्सरपर्यंत वीज पोचत होती. उरली कडी. या गाडीत ती वेगळी नसते. बेअरिंगच्या एका तोंडालाच चुंबकीय पट्टा असतो आणि ते तोंड सेन्सरकडे यावं लागतं. दिसायला दोन्ही तोंडं जवळपास सारखी. दुसऱ्या एका मिस्त्रींनी चाक उघडलं. बेअरिंग उलटं बसवलेलं होतं. चाक छान फिरत होतं, आवाज नव्हता, फक्त सेन्सरसमोर चुंबक नव्हता. दाबून बसवलेलं बेअरिंग काढलं की परत वापरता येत नाही, म्हणून नवं आणलं. बसवण्याआधी मिस्त्रींनी त्याच्या तोंडावर लोखंडाचा बारीक कीस धरला. ज्या तोंडाला कीस चिकटला ते सेन्सरकडे. सहावी-सातवीचा प्रयोग! अडतीस हजारांचं काम साडेतीन हजारांत झालं. पण मला आठवतात ते पैसे नाहीत, हातभर अंतर आठवतं.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. फक्त पिवळा एबीएसचा दिवा लागला तर साधा ब्रेक लागतो, पण चाक जाम होऊ शकतं. वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा आणि लवकर दाखवा. लाल ब्रेकचा दिवा लागला तर आधी हँडब्रेक बघा, मग ब्रेक ऑइल. लाल आणि पिवळा एकदम लागले तर गाडी बाजूला घ्या, पुढे चालवू नका. ट्रॅक्शनचा दिवा घसरड्या जागी लुकलुकत असेल तर तो त्याचं काम करतोय. तो सतत लागून राहिला तर एकतर बटण बंद आहे, नाहीतर बिघाड आहे. आणि चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतच नसेल, तर खूश होऊ नका. सेकंड-हँड गाडी घेताना हे जरूर बघा. कुणीतरी तो दिवाच बंद करून ठेवलेला असू शकतो.

आपण आता पन्नाशीकडे चाललो आहोत. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील या गावात एकटे राहतात आणि अजून गाडी चालवतात. कन्नडच्या घाटातून चाळीसगावला जातात, समृद्धीवरून नागपूरला जातात. सुट्टीत घरी आलात की चहाआधी एकदा त्यांच्या गाडीत बसा, चावी फिरवा आणि मीटर बघा. ‘काही होत नाही’ असं ते म्हणतील. ते आपल्याला त्रास द्यायचा नाही म्हणून म्हणतात. ते मला दिवाळीत कळायला हवं होतं, जुलैत कळलं.

स्कॅनर माझ्या पिशवीत आहे. जेवणानंतर पार्किंगमध्ये भेटू. सकाळच्या त्या दोघांनी आधी यावं.